तोफ, विमान आणि मोटारसायकलचा मागचा शॉक



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज एका छोट्या वस्तूबद्दल बोलायचं आहे. लांब पल्ल्याच्या अनेक मोटारसायकलींना मागच्या चाकाशी दोन शॉक असतात. पुण्यात त्याला शॉकअप म्हणतात, आमच्या इंदुरात शॉकर. काही गाड्यांच्या या शॉकमध्ये हवा भरायची सोय असते. ती किती भरायची, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, तोफखान्यातला निवृत्त माणूस पंक्चरवाल्याच्या दुकानात काय करतोय? थोडा धीर धरा. ही हवा तोफेतूनच आली आहे. आणि माझ्या घरी तिच्यापायी एक माणूस दीड महिना अंथरुणाला खिळून होतं, म्हणून मला हा इतिहास शोधावासा वाटला.

आधी प्रसंग सांगतो. निवृत्तीनंतर मी एक परदेशी बनावटीची टूरिंग मोटारसायकल घेतली, सेकंड हँड. नाव सांगत नाही, दोष गाडीचा नव्हता. बाजूला दोन मोठ्या पेट्या, मागे पत्नीला टेकून बसता येईल अशी सीट. इंदूरहून भोपाळ, नर्मदापुरम, पिपरिया करत आम्ही पचमढीला गेलो. जाताना त्रास झाला नाही. येताना पेट्यांत चार दिवसांचं सामान, शिवाय हिने घेतलेला मध, लोणची आणि कुणासाठी तरी दगडी खलबत्ता. घाट उतरून मटकुलीच्या पुढे आलो आणि एका गावाबाहेर रंग न दिलेला स्पीडब्रेकर आला. वेग फार नव्हता. पुढचं चाक नीट गेलं. मागून मात्र लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ हिचा. पडलो नाही. पण तिला गाडीवरून उतरता येईना. कमरेतली चकती सरकली होती.

मी तेव्हा रस्त्याला, गावाला, सरकारला, सगळ्यांना शिव्या दिल्या. खरा गुन्हेगार कोण ते आठ दिवसांनी कळलं. त्याकडे येतोच. त्याआधी तोफेकडे जाऊ.

तोफ उडाली की गोळा पुढे जातो आणि तोफ मागे. हा न्यूटनचा नियम, त्यातून सुटका नाही. एकोणिसाव्या शतकात बहुतेक मैदानी तोफा प्रत्येक बारानंतर गाड्यासकट मागे सरकायच्या. जवानांनी त्या ढकलून पुन्हा जागेवर आणायच्या, पुन्हा नेम धरायचा, मग पुढचा बार. १८९७ मध्ये फ्रेंच सैन्याने ७५ मिलिमीटरची एक तोफ स्वीकारली आणि हे चित्र बदललं. देपोर्ट, सेंत-क्लेर देविल आणि रिमाइलो या फ्रेंच अधिकाऱ्यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. या तोफेत गाडा जागेवर राहायचा आणि फक्त नळी मागे सरकायची. मागे सरकताना ती तेल एका अरुंद वाटेने दाबायची, त्यात धक्क्याचा जोर जिरायचा. ते तेल पुढे एका दट्ट्याला ढकलायचं आणि दट्ट्यापलीकडे कोंडलेली हवा दाबली जायची. धक्का संपला की तीच हवा फुगून नळीला अलगद जागेवर आणायची. मिनिटाला पंधरा गोळे सुटू लागले, कारण दर वेळी नव्याने नेम धरायची गरज उरली नाही.

इथे दोन कामं वेगळी आहेत, ती लक्षात ठेवा, पुढे लागतील. तेल धक्का जिरवतं. हवा भार पेलते आणि परत ढकलते. तोफखान्यात पहिल्याला आम्ही बफर म्हणतो, दुसऱ्याला रिक्युपरेटर.

हवेऐवजी स्प्रिंग का नाही वापरली? वापरली ना, इंग्रजांनी. त्यांची १८ पौंडी तोफ १९०४ मध्ये सेवेत आली. तिची नळी जागेवर आणायला नळीच्या वर पोलादी स्प्रिंगा बसवल्या होत्या. शांततेच्या काळात, वर्षाकाठी मोजकेच गोळे उडवताना, त्या चोख चालल्या. मग १९१४ चं महायुद्ध आलं. फ्रान्समध्ये दिवसरात्र मारा करताना या स्प्रिंगा थकू लागल्या, तुटू लागल्या. नळी पूर्ण पुढे येईना. जवान हाताने ढकलून ती जागेवर आणत. शेवटी १९१६ च्या सुमारास त्याच तोफेला तेल आणि हवेचा रिक्युपरेटर बसवावा लागला.

म्हणजे हिशेब असा आहे. पोलाद थकतं. हवा थकत नाही, तिला लाख वेळा दाबा, ती तेवढ्याच जोराने परत येते. पण हवा निघून जाऊ शकते, आणि जाताना सांगत नाही. पोलादी स्प्रिंग तुटली तर आवाज येतो, तुकडा हातात येतो. हवा एखाद्या जुन्या सीलमधून रोज थोडी थोडी जाते आणि तोफ वरून तशीच दिसते. म्हणून जगातल्या प्रत्येक तोफखान्यात एक शिस्त तयार झाली. पहिला गोळा भरायच्या आधी बफरचं तेल आणि रिक्युपरेटरचा दाब तपासायचा. १०५ मिलिमीटरच्या फील्ड गनवर मी तरुण अधिकारी असताना आमचा नंबर वन, म्हणजे त्या तोफेचा प्रमुख हवालदार, हे तपासल्याशिवाय मला तोफेजवळ उभं राहू देत नसे. काल तपासलं होतं, असं एखादा जवान म्हणाला तर त्याचं एकच उत्तर असायचं, 'कल की हवा कल थी.'

आता विमान. विमान उतरताना जमिनीवर टेकतं, तेव्हा टनावारी वजन क्षणात चाकांवर येतं. सुरुवातीच्या विमानांत त्यासाठी रबरी दोऱ्यांची वेटोळी असत. ती धक्का घेत, पण लगेच परत फेकत आणि विमान बेडकासारखं उड्या मारी. १९१५ मध्ये इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीने तेल आणि हवेच्या पायाचं पेटंट घेतलं. व्हिकर्स तोफा बनवणारी कंपनी. तोफेची नळी अडवणारी युक्ती तिने विमानाच्या पायात घातली, आणि प्रत्यक्ष विमानावर ती पहिल्यांदा फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीने बसवली. आज तुम्ही ज्या विमानाने दिल्लीहून बेंगळुरूला जाता, त्याच्या पायात त्याच तत्त्वाचं तेल आणि नायट्रोजन असतं. खिडकीतून चाकावरचा तो चकचकीत दांडा दिसला तर नीट बघा. तो तोफेचा नातू आहे.

१९३१ मध्ये इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम इथे जॉर्ज डाउटी नावाच्या तरुण अभियंत्याने विमानांचे पाय आणि चाकं बनवण्यासाठी स्वतःची कंपनी काढली. पहिली मोठी ऑर्डर आली थेट जपानहून, कावासाकीकडून, आतच स्प्रिंग असलेल्या सहा चाकांची. पुढे याच कावासाकीने मोटारसायकलींत नाव काढलं, पण तेव्हा ती विमानं बनवत होती. डाउटींचा धंदा वाढला आणि त्यांचे तेल-हवेचे पाय ब्रिटिश विमानांखाली दिसू लागले.

आता तिसरी उडी, मोटारसायकल. तिसाव्या दशकापर्यंत बहुतेक मोटारसायकलींना मागे शॉक नसायचेच. मागचं चाक सरळ सांगाड्याला जखडलेलं, आणि चालवणाऱ्याच्या बुडाखाली सीटच्या दोन स्प्रिंगा. बर्मिंगहॅमच्या वेलोसेट कंपनीत हॅरॉल्ड विलिस नावाचे अभियंते होते, स्वतः विमान उडवणारे. वेलोसेटने १९३६ पासून आपल्या शर्यतीच्या गाड्यांना मागे हलणारा स्विंगआर्म दिला आणि त्यावर स्प्रिंगऐवजी डाउटींचे हवेचे पाय बसवले. आयल ऑफ मॅनच्या डोंगरी रस्त्यावर स्टॅन्ली वुड्स यांनी १९३८ आणि १९३९ अशी दोन्ही वर्षं ज्युनियर टीटी शर्यत वेलोसेटवर जिंकली. १९३९ मध्ये कंपनीने केटीटी मार्क आठ ही शर्यतीची गाडी विक्रीला काढली, तिच्या मागेही हेच हवेचे पाय होते. तोफेतून विमानात आणि विमानातून मोटारसायकलीत, चाळीसेक वर्षांत हवा इथवर आली.

आणि लगेच तिची जुनी खोड समोर आली. दुसऱ्या महायुद्धानंतर डाउटींनी मोटारसायकलींसाठी हवेचे पुढचे काटे बनवले. वेलोसेट, पँथर, स्कॉट अशा इंग्लिश गाड्यांनी ते वापरले. नवे असताना फार सुरेख चालत. पण शर्यतीचा मेकॅनिक रोज दाब तपासतो, नोकरीला जाणारा माणूस तपासत नाही. सील झिजले की काटा हळूहळू बसायचा. पन्नासच्या दशकात या कंपन्या एकामागून एक पोलादी स्प्रिंगेवर परतल्या.

आपल्याकडे जी मोटारसायकल आली ती याच पोलादी वळणावरची. रॉयल एनफील्डच्या १९४९ च्या बुलेटला मागे स्विंगआर्म, आणि त्यावर स्प्रिंग व तेलाचे शॉक होते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याने सीमेवरच्या कामासाठी बुलेट घेतल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. आमचे डिस्पॅच रायडर याच गाडीवर फिरले. राजस्थानच्या वाळूत किंवा ईशान्येच्या चिखलात त्या शॉकचा दाब मोजत बसायला कोणाला वेळ होता? ती गाडी रोज न तपासताही चालावी अशीच हवी होती. सैन्याने तोफेत हवा ठेवली आणि मोटारसायकलीत पोलाद, दोन्ही निर्णय बरोबर होते. तोफेशी मोजणारा माणूस नेमलेला असतो, मोटारसायकलीशी नसतो.

मग हवा परत आली कशी? तर सामानामुळे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत लोक मोटारसायकलवर बायको, तंबू आणि संसार लादून हजारो मैल जाऊ लागले. १९७१ मध्ये क्रेग व्हेटर यांनी विंडजॅमर ही वारा अडवणारी मोठी पुढची खोळ बाजारात आणली. तिच्या जोडीला लोकांनी बाजूला पेट्या, मागे ट्रंक बसवल्या. होंडाने १९७५ च्या मॉडेल वर्षासाठी गोल्ड विंग आणली होती, हजार सीसीची. एकट्याने चालवायला स्प्रिंग बरोबर, पण दोघं आणि तीन पेट्या बसल्या की गाडी मागे बसायची. स्प्रिंग कडक करावी तर एकट्याला हाडं मोडल्यासारखं वाटायचं. शनिवारी एक माणूस आणि रविवारी दोन माणसं व सामान, एका स्प्रिंगेने दोघांचं कसं भागणार?

याचं उत्तर हवेकडे होतं, कारण हवेची स्प्रिंग पंपाने बदलता येते. त्याच सुमारास मोटोक्रॉसच्या शर्यतींतही हवा परतली होती. बॉब फॉक्स यांच्या हवेच्या शॉकवर केंट हॉवर्टन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेची ५०० सीसीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९८० मध्ये होंडाने अकराशे सीसीची गोल्ड विंग आणली, तिच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही शॉकना हवेची जोड होती. जोड हा शब्द महत्त्वाचा आहे. आत पोलादी स्प्रिंग होतीच, हवा तिच्या मदतीला. १९८२ मध्ये अ‍ॅस्पेनकेड हे मॉडेल आलं, त्यात गाडीवरच छोटा कॉम्प्रेसर होता, बसल्या जागी दाब बदलता यायचा. यामाहा, कावासाकी यांच्या मोठ्या टूरिंग गाड्याही याच वाटेने गेल्या. हार्ले-डेव्हिडसनच्या टूरिंग गाड्यांना मागे हवेचे शॉक आले आणि अनेक वर्षं राहिले. २०१० पासून हार्ले भारतात विकली जाऊ लागली, तसे हे शॉक आपल्या रस्त्यांवरही आले. दोन्ही शॉकना जोडणारी एक बारीक नळी, आणि तिच्या टोकाला सायकल-मोटारीच्या ट्यूबवर असतो तसाच व्हॉल्व्ह.

आता जरा गणित करू. तुमच्या शॉकमध्ये गेजवर १५ पीएसआय दाब आहे असं समजा. गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १५ पीएसआयच असतो. म्हणजे आत खरा दाब ३०. खड्ड्यात शॉक दबला आणि हवेची जागा निम्मी झाली, तर बॉइलच्या नियमाने खरा दाब दुप्पट, ६०. गेजवर किती? ४५. जागा निम्मी झाली आणि गेजचा आकडा तिप्पट. साधी स्प्रिंग दुप्पट दाबली तर दुप्पट जोर देते, हवा जितकी दबते तितकी अधिकच ताठ होते. म्हणून हवेचा शॉक छोट्या खाचखळग्यांना मऊ वाटतो आणि मोठ्या खड्ड्यात तळाला आदळत नाही. ही तिची खरी किंमत.

पण त्यासाठी सुरुवातीचे ते १५ पीएसआय आत असले पाहिजेत. टायरमधली हवा गेली तर गाडी ओरडून सांगते, हँडल जड होतं, चाक वळवळतं. शॉकमधली हवा गेली तर काहीच होत नाही. आतली पोलादी स्प्रिंग एकट्या चालकाला सांभाळून घेते. गाडी फक्त बोटभर खाली बसते. शहरात फिरताना ते कळतही नाही. कळतं ते दोन माणसं, सामान आणि स्पीडब्रेकर एकत्र आल्यावर.

माझ्या गाडीचं तेच झालं होतं. पचमढीहून आल्यावर आठव्या दिवशी मी पेटी काढून त्या व्हॉल्व्हला गेज लावला. काटा हललाच नाही. शून्य. साबणाचं पाणी लावून थोडी हवा भरली, तर बारीक नळी जिथे शॉकला जोडते तिथे फुगे आले. आतलं रबरी वॉशर सुकून गेलं होतं. गाडी घेताना विकणारा म्हणाला होता, हवा भरलेली आहे. मी मान डोलावली होती. त्यानंतर सात महिने मी त्या व्हॉल्व्हकडे एकदाही पाहिलं नव्हतं. टायरची हवा दर रविवारी बघत होतो. गाडी पुसत होतो. चेनची गरज नसलेल्या गाडीला दुसरं काय करायचं म्हणून आरसेही पुसत होतो.

हिला सांगायला दोन दिवस लागले. तिने कमरेच्या पट्ट्यावरची पकड सैल करत शांतपणे विचारलं, "अहो, त्या तोफेची हवा तुम्ही रोज बघायचात ना?" मी हो म्हटलं. "मग माझी का नाही बघितलीत?" यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तीस वर्षं जे इतरांकडून करून घेतलं, ते स्वतःच्या माणसासाठी केलं नव्हतं. शिस्त वर्दीबरोबर उतरवून ठेवली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्यानंतर मी दुसरी चूक केली, तीही सांगतो, कारण ती पुष्कळ जण करतात. वॉशर बदलून गाडी टायरवाल्याकडे नेली आणि म्हटलं, भर. त्याचा कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी बनवलेला. शॉकमध्ये हवेची जागा पेलाभरसुद्धा नसते. एका क्षणात दाब मर्यादेबाहेर गेला. नशीब, सील फाटलं नाही. पण गाडी मागून उंटासारखी उंच झाली आणि प्रत्येक बारीक खड्ड्याला सीट वर फेकू लागली. दाब कमी असला तर शॉक तळाला आदळतो, वळणावर गाडीचं पोट घासतं, दिवा आभाळाकडे बघतो. दाब जास्त असला तर मागचं चाक रस्ता सोडतं आणि मागे बसणाऱ्याची कंबर दुसऱ्या रीतीने मोडते.

आता योग्य रीत. वही घ्या. पहिलं, गाडीच्या पुस्तकात चालकाचं वजन, मागचा माणूस आणि सामान यांप्रमाणे दाबाचा तक्ता असतो. कमाल आकडा त्यात ठळक दिलेला असतो, मॉडेल आणि वर्षाप्रमाणे तो बदलतो. मित्राच्या गाडीचा आकडा वापरू नका. दुसरं, गाडी थंड असताना, कोणी बसलेलं नसताना दाब पाहा. तिसरं, शॉकसाठी मिळणारा छोटा हातपंप वापरा, ज्याच्यावरच गेज असतो. डोंगरी सायकलींच्या हवेच्या शॉकसाठी असेच पंप मिळतात. साधा टायरचा गेज लावला तर लावताना आणि काढताना फुस्स करून हवा जाते. टायरमध्ये तेवढ्याने फरक पडत नाही, इथे काही पीएसआय उडून जातात. म्हणजे तुम्ही मोजता आणि मोजण्यानेच बिघडवता. चौथं, दाब कमी करायचा असेल तर व्हॉल्व्ह हळू दाबा. झटकन दाबलात तर हवेबरोबर तेलाचा फवारा येतो, आणि ते तेल टायरवर किंवा ब्रेकवर उडालं तर दुसरंच संकट.

पाचवी पायरी खरी परीक्षा आहे. दोन मित्रांना बोलवा. मागचं चाक हवेत लोंबेल इतकी गाडी उचला आणि चाकाच्या आसापासून वरच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली ठेवून तुम्ही बसा, मागचा माणूस बसवा, पेट्या भरा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसली. चाकाची पूर्ण चाल ७५ मिलिमीटर असेल तर १९ ते २५ मिलिमीटर, म्हणजे पाव ते एक तृतीयांश, बसलेली चांगली. जास्त बसली तर पाच पीएसआय वाढवा, कमी बसली तर पाच कमी करा, पुन्हा मोजा. पुस्तकाची मर्यादा ओलांडायची नाही. कमाल दाबालाही गाडी जास्त बसत असेल तर हवा वाढवायची नाही, सामान कमी करायचं. आमच्या बाबतीत तो खलबत्ता.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक गंमत. मैदानात चाळीस अंशांत १५ पीएसआय भरून निघालात आणि लेहला पाच अंशांत पोचलात. थंडीने आतली हवा आकसते, तेवढ्याने गेजवर साडेअकराच्या आसपास दिसायला हवं. पण साडेतीन हजार मीटरवर बाहेरची हवाही विरळ, तिचा दाब साडेनऊच्या आसपास. त्यामुळे गेज सतराच्या जवळ दाखवेल. शॉकला लागतो तो आतला-बाहेरचा फरकच, म्हणून हा आकडा खोटा नाही. थंडी उतरवते, उंची चढवते. अंदाजाने काही करू नका, पोचल्यावर सकाळी मोजा.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. पुण्याच्या बजाजने पल्सरवर नायट्रॉक्स नावाचे गॅसचे शॉक दिले, नंतर इतरांकडेही असे शॉक आले. त्याला लावलेला छोटा डबा बघून लोक विचारतात, यात किती हवा भरू? काहीच नाही. क्रिस्तियां बुर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने १९५३ च्या सुमारास शॉकमध्ये गॅस कोंडायची युक्ती रुळवली, ती तेलात फेस होऊ नये म्हणून. आठवतं ना, बफर आणि रिक्युपरेटर? हा गॅस बफरच्या बाजूचा आहे. तो तेलाची काळजी घेतो, भार पेलत नाही. भार पेलायला बाहेरची स्प्रिंग आहे. तो कारखान्यात भरून बंद केलेला असतो, त्याला हात लावायचा नाही.

आता हवेचे शॉक मागे पडत चालले आहेत. २००१ च्या गोल्ड विंगने हवा सोडून मोटरने घट्ट-सैल होणारी स्प्रिंग घेतली. हार्लेच्या टूरिंग गाड्यांवर २०१७ च्या मॉडेलपासून हाताने फिरवायची गोल मूठ आली. अभियंत्यांनी तेच केलं जे पन्नासच्या दशकात इंग्रजांनी केलं होतं, माणूस मोजत नाही हे मान्य केलं. मला त्यात राग नाही. उलट ती यंत्रातली दया आहे. पण मूठ असली तरी ती फिरवायची आठवण माणसालाच ठेवावी लागते. बायको मागे बसली आणि मूठ एकट्याच्याच खुणेवर राहिली, तर गाडी तितकीच आदळणार.

ही आता पुन्हा मागे बसते. डॉक्टरांनी चार महिन्यांनी परवानगी दिली, तीही दिवसाला दीडशे किलोमीटरपुरती. निघायच्या आधी मी पंप लावतो आणि आकडा ती वाचते, मी वाचलेला तिला चालत नाही. तारीख, वजन, आकडा अशी वही तिच्याकडे असते. गेल्या महिन्यात महेश्वरला जाताना मी म्हटलं, परवाच बघितलं आहे, चल. तिने हेल्मेट घातलंच नाही, पंप काढून माझ्या हातात दिला. माझ्या त्या जुन्या नंबर वनला ती कधी भेटलेली नाही.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आज संध्याकाळी पेटी काढा आणि तो व्हॉल्व्ह शोधा. नसेल, तर मागे बसणाऱ्याला एकदा विचारा, कंबर दुखते का. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.